अर्ज क्रमांक सतरा

मी, डॉक्टर शामला रवींद्र देवस्थळी, वय वर्षे सहासष्ट, मूळ गाव सांगली, सध्या राहणार द हेग, नेदरलँड्स, व्यवसाय ऑस्टिओपॅथी म्हणजे हाडे, सांधे आणि स्नायू यांवर केवळ हातांनी उपचार, आज शनिवार दिनांक १२ नोव्हेंबर २००५ रोजी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहायला घेत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला माझ्या हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरने, दिला आहे आणि तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझ्या दडपणाखाली मात्र काही लोक राहिले आहेत आणि ते आपापली नावे पुढे ओळखतीलच.

येत्या २४ तारखेला माझ्या हृदयाच्या एका झडपेचे ऑपरेशन आहे. सर्जन वयाने माझ्या मुलीएवढा आहे. तो म्हणाला, "मेव्राउ, आमच्यासाठी ही रोजची गोष्ट आहे." त्याची रोजची असेल, माझी पहिलीच आहे. म्हणून हा कागद.

कलम १. या देशातील माझे राहते घर आणि बँकेतील शिल्लक यांची व्यवस्था मी इथल्या नोटारिसकडे डच भाषेत रीतसर केली आहे. सर्व काही मुलीला. हा मराठी कागद पुण्यातील सदनिकेसाठी, घरातल्या चीजवस्तूंसाठी, आणि ज्या गोष्टी डचमध्ये सांगता येत नाहीत त्यांसाठी आहे. नोटारिसबाईंनी विचारले, "अशा कोणत्या गोष्टी?" मी म्हटले, जळफळाट. त्यांनी ते टाइप केले नाही.

माझे पती रवींद्र १९९९ साली गेले, तेव्हा घाईघाईने मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून निकामी समजावे. त्यात मी माझ्या मोत्याच्या कुड्या नीलिमाला ठेवल्या होत्या. तेव्हा मी दुःखात होते, कोणाला काय देते आहे याचे भान नव्हते.

कलम २. नीलिमाचे नाव वारंवार येणार असल्याने तिची ओळख इथेच करून देते. डॉक्टर नीलिमा सदाशिव बेनाडीकर, वय वर्षे चौसष्ट, मूळ गाव निपाणी, माझी सत्तावीस वर्षांची मैत्रीण. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते १९७८ साली हेगच्या बाजारात. सुरिनामी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची एकच जुडी उरली होती. माझा हात पोचायच्या आत तिचा पोचला. मग तिने ती जुडी मोडून अर्धी मला दिली आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून हे असेच चालले आहे. आधी सगळे तिला मिळते, त्यातले अर्धे ती मला देते, आणि लोक म्हणतात, किती मोठ्या मनाची बाई.

दोघीही भारतात एमबीबीएस झालेल्या आणि दोघींचीही पदवी इथे चालली नाही. पुन्हा बरीच वर्षे शिका म्हणाले. घरात लहान मुले होती. आम्ही दहा वर्षे दुसऱ्यांच्या दवाखान्यांत फोन उचलले आणि रुग्णांना तारखा दिल्या. १९८९ साली ऑस्टिओपॅथीचा अभ्यासक्रम मिळाला, शनिवार-रविवारचा, सहा वर्षांचा. त्यात विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या अंगावर शिकायचे असते. सहा वर्षे ती माझ्या पाठीवर शिकली आणि मी तिच्या पाठीवर. तिच्या डाव्या खांद्याखाली थंडीत एक गाठ येते. ती तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे. शेवटच्या परीक्षेत तिला माझ्यापेक्षा तीन गुण जास्त मिळाले. माझी पाठ शिकायला सोपी होती, असे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

कलम ३. माझी एकुलती एक मुलगी चि. प्रांजली, वय एकोणतीस, अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासमध्ये बँकेत नोकरीला, हिला माझे सर्व दागिने मिळावेत, वर उल्लेखिलेल्या कुड्यांसह. पाटल्या मोडू नयेत. मोडल्या तर मला कळणार नाही, पण मोडू नयेत. माझ्या नऊवारी पैठणीच्या उशा करू नयेत. गेल्या वर्षी तिने कुठल्या तरी मासिकात तसे काही पाहिले होते, तेव्हापासून मला धास्ती आहे.

प्रांजलीला मराठी सगळे समजते, पण देवनागरी वाचता येत नाही. माझ्याशी ती डच बोलते. मी 'जेवलीस का' विचारले की 'या मॅम, अल लांग', म्हणजे 'हो आई, केव्हाच', म्हणते आणि पुढे गप्प. नीलिमाशी ती मराठी बोलते. "मावशी, माझा ट्रेन चुकला ना, म्हणून मी उशिरा आली." मी स्वयंपाकघरातून ओरडते, "माझी ट्रेन चुकली, उशिरा आले." की झाले, पोरगी मिटली. नीलिमा मात्र म्हणते, "अगं बाई, मग पुढच्या गाडीत बसायला तरी मिळालं का?" आणि पोर तासभर बोलत राहते, ऑफिसातले, मित्रांतले, जे मला कधीच कळले नाही ते. मराठी शिकली माझ्या घरी, खर्च करते तिच्या घरी. याबद्दल मी प्रांजलीला दोष देत नाही. कोणाला देते ते उघड आहे.

कलम ४. किरकोळ वस्तू. पुरणयंत्र, दोन्ही प्रेशर कुकर आणि मसाल्यांचे डबे खालच्या मजल्यावरच्या पद्मजा माईणकरला. ती आणि तिचा नवरा आशुतोष पुण्याहून आयटीच्या नोकरीवर आलेली मुले आहेत. पद्मजाला पुरण जमत नाही, पण हौस आहे. दवाखान्यातला प्लॅस्टिकचा सांगाडा माझ्या शिक्षणसंस्थेला परत. माझी सायकल स्टेशनबाहेर कुलूप न लावता उभी करावी. आजवर दोनदा चोरीला गेली आहे, तिसऱ्यांदाही जाईल. वारस शोधण्याचा त्रास वाचेल.

कलम ५. घडीचे तपासणी टेबल. हे खोलीच्या कोपऱ्यात खोळीत उभे आहे. सात वर्षांत एकदाही उघडलेले नाही. त्याचे कारण सांगते.

हेगमध्ये एक संस्था आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही, पुढे तिला नुसती 'संस्था' म्हणते. जगात जिथे डॉक्टर पोचत नाहीत तिथे ऑस्टिओपॅथ डॉक्टरांनी जाऊन मोफत शिबिरे भरवावीत, म्हणून ही संस्था अनुदान देते. विमानभाडे, राहणे, दुभाषे, औषधे, सगळे. आपण अर्ज करायचा. चार परीक्षक प्रत्येक अर्जाला दहापैकी गुण देतात, त्यांची सरासरी काढतात आणि वरचे पाच-सहा अर्ज मंजूर होतात.

नीलिमाला १९९७ साली मिळाले, ती घानाला गेली. १९९९ साली मिळाले, नेपाळला गेली. २००१ साली मिळाले, सुरिनामच्या जंगलात गेली आणि तिथून एका म्हातारीने दिलेली हॅमॉक घेऊन आली. मी १९९८ साली अर्ज केला आणि अर्ज पोस्टात टाकून येताना हे टेबल विकत घेतले. नाकारला. २००० साली पुन्हा केला. नाकारला. शेरा असा होता की अर्ज कोरडा आहे. मी त्यात दर लाखामागे पाठदुखीचे रुग्ण किती ते तीन तक्त्यांत दिले होते. नीलिमा अर्जात माणसे घालते.

२००१ च्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाने तिचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्ष म्हणाले, "नीलिमाताई म्हणजे आपल्या हेगची शान." त्या वेळी मी चिवड्याच्या बशा भरत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिवडा तिखट झाला आहे असे दाखवून खोकत खोकत मी बाहेर गेले आणि टाळ्या थांबेपर्यंत आत आले नाही. चिवडा मीच केला होता आणि मुळीच तिखट नव्हता. ज्यांनी खाल्ला त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तर टेबल. पुढच्या कलमातल्या निधीतून जो डॉक्टर पहिल्यांदा जाईल त्याला ते द्यावे.

कलम ६. पुण्यात सहकारनगरला माझ्या नावावर असलेली सदनिका विकावी आणि येणाऱ्या रकमेचा एक निधी करावा. त्यातून दरवर्षी एका ऑस्टिओपॅथ डॉक्टरला परदेशातल्या गरजू वस्तीत शिबिरासाठी अनुदान द्यावे. प्रांजलीने कारभार पाहावा. अटी पुढीलप्रमाणे:

(अ) अर्जदाराला यापूर्वी कोणाकडूनही असे अनुदान मिळालेले नसावे.

(आ) अर्जदाराचे वय साठच्या आत असावे.

(इ) अर्जदाराचा जन्म निपाणी अथवा पंचक्रोशीतला नसावा.

निधी या देशात नोंदवायचा असल्याने अटी नोटारिसबाईंना समजावून सांगितल्या. त्या म्हणाल्या, तिसरी अट कायद्यात बसणार नाही, आणि बसली तरी त्यांना ती कळलेली नाही. म्हणून (इ) खोडत आहे. पहिल्या दोन पुरेशा आहेत.

कलम ७. हे कलम लिहिण्याआधी मी दोनदा भांडी घासली. आता शनिवारचा रविवार झाला आहे.

२००३ च्या फेब्रुवारीत संस्थेचे मला पत्र आले. एक परीक्षक आजारी पडले होते, त्यांच्या जागी मी बसावे. परीक्षकांची नावे गुप्त असतात, तसे मी लिहून दिले. अर्जांवरची नावेही काढून टाकलेली असतात, नुसते क्रमांक. ज्यांनी मला दोनदा परत पाठवले त्यांनीच आता खुर्ची दिली होती. मला वाटले, देव आहे.

बावीस अर्ज होते. सतरावा उघडला आणि पहिल्या परिच्छेदातच मला कळले, हा तिचा. दक्षिण आशियातल्या तंबाखूच्या पट्ट्यात विड्या वळणाऱ्या बायकांसाठी तीन वर्षांचे शिबिर. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, दहा-दहा तास बसणाऱ्या बायका. त्यांच्या माना, त्यांचे खांदे, त्यांची मनगटे. ते सूप मांडीवर कसे टेकते आणि त्यामुळे कोणता खांदा उतरतो, हे सांगू शकणारी ऑस्टिओपॅथ या देशात एकच आहे. तिची आई ते सूप घेऊन बसायची. आईने वळलेल्या विड्यांवर नीलिमा डॉक्टर झाली. हे मला सगळे ठाऊक होते. अर्जदार ओळखू आल्यास अर्ज परत करावा, असा नियमही होता. मी तो नियम दोनदा वाचला आणि अर्ज ठेवून घेतला.

अर्ज चांगला होता. फार चांगला होता, वाचता वाचता माझीच मान दुखायला लागली. शेवटच्या पानावर मात्र असे होते: 'या शिबिराची प्रमुख मी नसेन. प्रमुख म्हणून माझ्या एका ज्येष्ठ सहकारी डॉक्टरला न्यावे अशी माझी इच्छा आहे. त्यांना अशी संधी कधी मिळालेली नाही. त्यांच्यासारखे हात मी या देशात पाहिलेले नाहीत. दुखणे कुठे आहे ते रुग्णाने सांगायच्या आत त्या हातांना कळते.'

मी तो मजकूर चार वेळा वाचला. ही कोण? पंचवीस वर्षांत माझ्या हातांबद्दल नीलिमाने तोंडातून एक चांगला शब्द काढला नव्हता, आणि ही कोण आली हातांची राणी? आदल्या वर्षी नीलिमा मास्ट्रिख्टला एका परिसंवादाला गेली होती आणि तिथल्या एका डच बाईचे गुण गात परतली होती. मी ठरवून टाकले, तीच ती. माझ्याबरोबर पाठ मोडून शिकली, आणि न्यायची वेळ आली तेव्हा मास्ट्रिख्टची बाई. मी नीलिमापेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे. ज्येष्ठ हा शब्द मला लागू होतो, हे माझ्या डोक्यातही आले नाही.

मी चार गुण दिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'प्रमुख व्यक्तीच्या कौशल्याबद्दलचा दावा अतिशयोक्त वाटतो. इतके चांगले हात कोणाचेही नसतात.'

बाकीच्या तिघांनी आठ, आठ आणि नऊ दिले होते. अर्ज थोडक्यात हुकला.

मे महिन्यात नीलिमा संस्थेचे पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. मी थालीपीठ लावत होते. तिने कोटही काढला नाही.

"तुला एक सांगायचंय, आणि तू रागवायचं नाहीस," ती म्हणाली. "तुला न विचारता मी अर्जात तुला घातलं होतं. निपाणीचा अर्ज. तू प्रमुख, मी तुझ्या हाताखाली. मंजूर झालं असतं तर सरप्राइज द्यायचं होतं गं. नाही झालं. पण हे बघ, हे बघ तुझ्या हातांबद्दल एकाने काय लिहिलंय!"

आणि तिने माझा शेरा मला वाचून दाखवला. थालीपीठ जळले.

"कोण मेला आहे हा?" ती म्हणाली. "तुझे हात बघितलेत का याने कधी? याच्या मानेत अशी उसण भरू दे, अशी भरू दे, आणि तुझ्याकडेच यायची पाळी येऊ दे!"

"जाऊ दे गं," मी म्हणाले.

"जाऊ दे काय? तुला राग कसा येत नाही? फार मोठ्या मनाची आहेस तू, शामला."

तेव्हाच सांगायला हवे होते. मी दुसरे थालीपीठ लावले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, तसे मला वाटत राहिले की तिला कळले आहे आणि ती मुद्दाम छळते आहे. पण तसे नव्हते. ती खरोखरच माझ्या बाजूने भांडत होती. गेली अडीच वर्षे ती त्या परीक्षकाला माझ्याच घरी, माझाच चहा पीत शिव्या घालते, आणि मी हो ला हो म्हणते. कधी कधी एखादी शिवी मी सुचवतेही.

मी ज्या बाईवर जळून चार गुण दिले ती मीच होते, हे कळल्यावर माझा मत्सर संपायला हवा होता. संपला नाही. उलट वाढला. माझे नाव पुढे घालण्याइतके मोठे मन तिच्यापाशी होते आणि माझ्यापाशी नव्हते, हेही आता तिच्याच खात्यात जमा झाले. गेल्या वर्षी तिला पुन्हा अनुदान मिळाले, टांझानियासाठी, आणि ती प्रमुख म्हणून गेली. निपाणीचा अर्ज तिने पुन्हा केला नाही. म्हणाली, "त्या हातांचा दुसऱ्यांदा अपमान मी होऊ देणार नाही." त्या बायकांच्या माना आहेत तशाच आहेत, आणि मी आता जिना चढताना मध्ये थांबते.

कलम ८. वाचन आणि साक्षीदार. मी गेल्यावर हा कागद प्रांजलीला वाचून दाखवावा लागेल. मराठीत ती फक्त नीलिमाचेच ऐकते, तेव्हा नीलिमानेच वाचावा. कलम ७ आले की तिला कळेल. त्या वेळी तिची जीभ पोचणार नाही अशा ठिकाणी मी असेन. हा भित्रेपणा आहे हे मला समजते.

भारतातल्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यांनी माझी सही होताना पाहायची असते, आतला मजकूर वाचायची गरज नसते. साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळतही नाही. म्हणून पहिला साक्षीदार आशुतोष माईणकर आणि दुसरी नीलिमा. पुढे प्रांजलीने मावशीच्या मायेपोटी तिला काही देऊ केले, तर तिची स्वतःची सहीच आड येईल. मला ही युक्ती सुचली तेव्हा मी फार खूश झाले होते. उद्या सकाळी अकरा वाजता दोघांना बोलावले आहे.

कलम ९. सोमवार, दिनांक १४ नोव्हेंबर. हे कलम आधी ठरलेले नव्हते.

नीलिमा अकराच्या आधीच आली. आशुतोष यायचा होता. ती टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "कुठे करायची सही? वाचावं लागतं का हे सगळं?"

"साक्षीदाराने वाचायचं नसतं," मी म्हणाले.

"बरं. तू लिहिलंयस म्हणजे चोखच असणार." तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "अगं, मान बघ कशी धरलीयेस. किती लिहीत बसली होतीस?"

ती माझ्यामागे गेली. बाहेरून आली होती, म्हणून आधी तिने तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मग दोन्ही हात माझ्या मानेवर ठेवले. मी काही सांगितले नव्हते. तिची बोटे थेट तिथे गेली, कवटीच्या खाली उजवीकडे, जिथे दोन दिवस ठणकत होते. सत्तावीस वर्षांत जे मी कोणाजवळ कबूल केले नाही ते या कागदावर करते. तिचे हात माझ्या हातांपेक्षा चांगले आहेत. अर्जात तिने माझ्या हातांबद्दल जे लिहिले ते तिच्या हातांचे वर्णन आहे, आणि तिला त्याचा पत्ता नाही. याचाही मला राग येतो.

मान सैल झाली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "कलम सात वाच."

तिने चष्मा लावला आणि उभ्याने वाचले. एकदा वाचले, मग मागे जाऊन शेरा पुन्हा वाचला. मी शिव्यांची वाट पाहत होते. त्यातल्या निम्म्या मीच पुरवलेल्या होत्या. तेवढ्यात घंटा वाजली. तिने दार उघडून आशुतोषला सांगितले, "दोन मिनिटं थांब रे बाळा," आणि दार लावून आली.

"मला चार दिलेस ते मी गिळीन," ती म्हणाली. "मला आयुष्यात पुष्कळ मिळालंय. पण तिच्याबद्दल असं लिहिलंस? ती कोण हे माहीत नसताना? तिला कधी कुणी कुठे पाठवलं नव्हतं, शामला. एकदाही नाही. तिच्यासाठी मी भांडले. अडीच वर्षं भांडतेय."

"नीलिमा, ती मीच..."

"तू कशी असशील? ती तुझ्यापेक्षा खूप चांगली आहे."

मग ती म्हणाली, मी सही करणार नाही, आणि छत्री घेऊन गेली. मी खिडकीतून पाहिले. नऊ नंबरच्या ट्रॅममध्ये ती चढली. वर पाहिले नाही.

कलम १०. सबब मी पुढीलप्रमाणे बदल करत आहे. कलम ६ मधील अटी (अ) आणि (आ) खोडल्या आहेत. खाडाखोड माझीच आहे आणि तिच्यापुढे माझी आद्याक्षरे आहेत. निधीतले पहिले अनुदान अर्ज क्रमांक सतरा याला, निपाणीच्या विडी कामगार बायकांच्या शिबिरासाठी, तीन वर्षे द्यावे. कोणत्याही परीक्षकाला विचारू नये. शिबिराची प्रमुख नीलिमाने निवडावी. ती ज्या कोणाला निवडेल तिचा मला आत्तापासूनच मत्सर वाटतो, याची नोंद असावी.

नीलिमाला आता या कागदातून लाभ होत असल्याने ती साक्षीदार असती तरी चालली नसती. तिच्या जागी पद्मजाला खालून बोलावले. तीही सही करणार म्हणजे कलम ४ मधले तिला मिळणार नाही, म्हणून पुरणयंत्र आणि कुकर आत्ताच तिच्या हातात दिले आहेत. ती दाराशी ते घेऊन उभी आहे.

आशुतोषने आणखी एक लक्षात आणून दिले. तो म्हणाला, "काकू, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. तुम्ही ऑपरेशनमधून नीट बाहेर आलात तर यातलं काहीच होणार नाही." म्हणजे मी जगले तर हे सगळे मला माझ्या तोंडाने बोलावे लागेल आणि माझ्या हाताने करावे लागेल. सह्या झाल्या की मी नीलिमाला फोन करणार आहे. ती उचलेल की नाही, माहीत नाही. नाही उचलला तर उद्या ट्रॅमने जाईन. तिचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.

शेवटी, अर्ज क्रमांक सतरावरचा माझा सन २००३ चा शेरा मी पूर्णपणे मागे घेते. दिलेले चार गुण रद्द करते आणि त्या जागी नऊ देते. दहावा गुण मी कोणालाही देत नाही. तो माझा आहे आणि माझ्याबरोबर येईल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो मला मान्य आहे. मान्य करताना त्रास झाला.

सही: शामला रवींद्र देवस्थळी

आमच्या डोळ्यांदेखत डॉक्टर शामला देवस्थळी यांनी सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली. आतला मजकूर आम्ही वाचलेला नाही.

साक्षीदार १: आशुतोष विनायक माईणकर

साक्षीदार २: पद्मजा आशुतोष माईणकर

स्थळ: द हेग

दिनांक: १४ नोव्हेंबर २००५, दुपारी साडेबारा